क्रेडिट पॉइंट भरतात, पण हात कुठे बसतो?

डॉक्टर, तुम्ही विचारलंय की जिल्ह्याच्या गावी चेस्टची प्रॅक्टिस करताना फुप्फुसाच्या कॅन्सरमधलं नवं शिकायचं तर दर वेळी दवाखाना बंद ठेवून मुंबई-पुण्याच्या कॉन्फरन्सला जावं का. बावीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट (परिषदा-कार्यशाळांना हजर राहून मिळणारे गुण) लागतात. ते भरतात, त्याची चिंता नको. पण नुसतं सभागृहात बसून हात बसत नाही. हात बसतो तो आपली केस दहा जणांपुढे मांडल्यावर.

माझ्याकडे पन्नाशीच्या एक बाई आल्या होत्या. तंबाखूला कधी हात लावलेला नाही. फुप्फुसाच्या वरच्या लोबमध्ये (भागात) सावली, थुंकीत टीबी निगेटिव्ह. आपल्याकडे सर्रास होतं तेच मी केलं, एकेटी (टीबीची औषधं) सुरू केली. चार महिन्यांनी सावली वाढली, तेव्हा कुठे बायोप्सी: अडिनोकार्सिनोमा, फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार. ईजीएफआर या जनुकातला बदल तपासायला ब्लॉक (बायोप्सीचा मेणात बसवलेला तुकडा) पाठवला, तर 'टिश्यू अपुरा'. पुन्हा सुई, आणखी तीन आठवडे गेले. त्या बाईंचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

ती केस मी ऑनलाइन ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळे तज्ज्ञ मिळून केसवर चर्चा करतात त्या बैठकीत, मांडली. पॅथॉलॉजिस्टनी पहिलाच प्रश्न विचारला, तुकडे किती घेतले आणि कशात पाठवले? मला सांगता आलं नाही. तेव्हापासून आमच्या ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) रूममध्ये दोन बाटल्या आधीच लेबल लावून ठेवलेल्या असतात. सलाइनची जीनएक्स्पर्ट (टीबीची जलद चाचणी) आणि कल्चरसाठी, १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनची हिस्टोपॅथॉलॉजीसाठी. फॉर्मवर मी स्वतः लिहितो: 'टीटीएफ-१ आणि पी४० वर भागत असेल तर तेवढंच करा, उरलेला टिश्यू मॉलिक्युलरसाठी राखा.' पहिल्या दोन चाचण्या कॅन्सरचा प्रकार सांगतात, मॉलिक्युलर म्हणजे ईजीएफआरसारख्या जनुकांच्या.

म्हणून आधी जवळच्या कॅन्सर सेंटरचा ट्यूमर बोर्ड गाठा. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आज ३०० हून जास्त संस्था आहेत, त्यातली एखादी तुमच्या टप्प्यात असेलच. पहिले काही आठवडे नुसतं ऐका, मग स्वतःची केस न्या. परळला टाटाची एव्हिडन्स बेस्ड मॅनेजमेंटची वार्षिक परिषद भरते, तिच्यासाठी मात्र दवाखाना खुशाल बंद ठेवा. औषध कंपनीच्या जेवणाच्या कार्यक्रमांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तिथे एकाच गोळीची बाजू कळते.

वाचायला वेळ कमी असेल तर टीएनएमची (कॅन्सरची स्टेज ठरवण्याच्या पद्धतीची) नववी आवृत्ती घ्या. एन२ चे, म्हणजे छातीच्या मध्यभागातल्या लसिका गाठींपर्यंत कॅन्सर पोचलेल्या गटाचे, आता दोन भाग झालेत, एका स्टेशनच्या (ठरलेल्या जागेच्या) गाठी एन२ए, अनेक स्टेशनच्या एन२बी. त्यामुळे ईबसमध्ये (दुर्बिणीतल्या सोनोग्राफीने गाठींत सुई घालताना) प्रत्येक स्टेशनचा नमुना वेगळा ठेवावाच लागतो.

आणि इम्युनोथेरपीचे (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणाऱ्या औषधांचे) दुष्परिणाम नीट शिका. पेशंट शहरात इंजेक्शन घेऊन गावी परततो आणि दम लागला की रात्री तुमच्याच दारात येतो. न्यूमोनिया समजून अँटिबायोटिकवर दिवस घालवले, तर न्यूमोनायटिसला (या औषधांनी फुप्फुसाला येणाऱ्या सुजेला) लागणारे स्टेरॉइड उशिरा पडतात. अशा पेशंटला पहिला प्रश्न, 'कॅन्सरचं कुठलं इंजेक्शन चालू आहे का?' हा प्रश्न कॅज्युअल्टीतल्या सिस्टरांनाही शिकवून ठेवा, कारण रात्री दोन वाजता तो त्यांनीच विचारायचा असतो.