दिवेआगरच्या किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर नेताना

पुण्याहून ताम्हिणीमार्गे निघायची वेळ ओहोटीवरून ठरवा. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त लांब हटतं. ओल्या खाऱ्या वाळूतून वीज वाहते, म्हणून एकाच फ्रिक्वेन्सीचं मशीन उगाचच वाजत राहतं. सेन्सिटिव्हिटी उतरवा, ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा सिग्नल वजा करायची सेटिंग) ओल्या वाळूवरच करा. कॉइल (मशीनची खालची तबकडी) वाळूच्या बोटभर वर, समांतर फिरवा. फेरीच्या टोकाला उचललीत की खोलवरचं हुकलंच. लोखंड गाळायची सेटिंग बंद ठेवा, नाहीतर स्टीलचा रुपयाही गळू शकतो. बारीक अंगठी आणि गोळ्यांच्या पाकिटाचा पत्रा यांचे स्क्रीनवरचे आकडे जवळपास सारखे, त्यामुळे खणायला कंटाळा नको! गप्पा खड्डे बुजवताना मारा; मशीनं जवळ आली की एकमेकांना बिघडवतात. जुनं पुरलेलं काही निघालं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून जास्त किमतीचं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.