पूर्वचाचणीतली आघाडी आणि अँकोव्हा

प्रश्न : अध्यापनाची नवी पद्धत पारखण्यासाठी मी विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन समान संख्येचे गट केले. पूर्वचाचणीत प्रायोगिक गटाची सरासरी २४ आणि नियंत्रित गटाची २० आली, तर उत्तरचाचणीत ती अनुक्रमे ३८ आणि ३२ झाली. हा ६ गुणांचा फरक पद्धतीचाच परिणाम मानावा, की अँकोव्हा वापरावे? प्रयोगाच्या मध्यावर भरून घेतलेल्या अभिरुची प्रश्नावलीचे गुणही सहचल म्हणून घेता येतील का?

उत्तर : अँकोव्हा, म्हणजेच सहप्रचरण विश्लेषण (पूर्वचाचणीसारख्या ‘सहचल’ मोजमापातला गटांचा फरक हिशेबात धरून त्यांची तुलना करण्याची पद्धत), अवश्य वापरावे, कारण या ६ गुणांत प्रायोगिक गटाला चिठ्ठ्यांच्या योगायोगाने मिळालेली आघाडीही मिसळलेली आहे. समजा, गटांतर्गत समाश्रयण गुणांक ०.८ आला, म्हणजे एकाच गटात पूर्वचाचणीत एक गुण जास्त मिळवणारा विद्यार्थी उत्तरचाचणीत सरासरीने ०.८ गुण पुढे असतो. दोन्ही गटांची एकत्रित सरासरी २२ असल्याने प्रायोगिक गटाच्या ३८ मधून १.६ वजा होतील, नियंत्रित गटाच्या ३२ मध्ये तेवढेच मिळवले जातील आणि ३६.४ व ३३.६ या समायोजित सरासरींतला फरक २.८ उरेल. नुसती गुणवाढ (१४ आणि १२) ताडून पाहणे म्हणजे हाच गुणांक १ आहे असे गृहीत धरणे होय, आणि तसे धरायला सहसा आधार नसतो.

माझ्या मते अँकोव्हाचा खरा लाभ मात्र अचूकतेत आहे. दोन्ही चाचण्यांतला गटांतर्गत सहसंबंध ०.७ असेल, तर त्रुटीचे प्रचरण (गटातल्या गुणांचा कारण न उलगडलेला विखुरलेपणा) मूळच्या जवळपास ५१ टक्क्यांवर येते, म्हणजे निम्म्या विद्यार्थ्यांतही साधारण तेवढीच अचूकता साधते. त्यासाठी दोन्ही गटांतल्या समाश्रयण रेषांचा उतार सारखा असावा लागतो, म्हणून गट आणि पूर्वचाचणी यांची आंतरक्रिया, म्हणजे गटांतला फरक पूर्वचाचणीच्या गुणांनुसार बदलतो का, ती आधी तपासावी; उतार वेगळे निघाले, तर ‘परिणाम इतका’ असे एकच उत्तर देता येत नाही.

प्रश्नावलीचे गुण कृपया घेऊ नका. मध्यावरची अभिरुची नव्या पद्धतीनेच वाढलेली असू शकते, आणि तिचे समायोजन केले तर जो परिणाम आपण शोधत आहात त्याचाच काही भाग पुसला जाईल. हीच प्रश्नावली अध्यापन सुरू होण्यापूर्वी भरून घेतली असती, तर ती चालली असती.

आपण चिठ्ठ्या टाकल्या हे फार चांगले केले. आयत्या तुकड्या घेतल्या असत्या, तर त्यांच्यातले न मोजलेले भेद कोणत्याही समायोजनाने मिटले नसते.