चिऱ्याच्या भिंतीआड बाग

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचं शंभर वर्षांचं घर आहे, समुद्र अगदी जवळ. परसाच्या सहा फुटी चिऱ्याच्या भिंतीला पावसात पोट आलं. आत बाग करायची आहे. आधी भिंतीला सिमेंटचा गिलावा करावा का?

उत्तर : गिलावा मुळीच नको. चिरा म्हणजे जांभा दगड; तो पाणी पितो आणि उन्हात सोडतो. सिमेंटने ते आत कोंडतं, मग गिलाव्याचा पापुद्रा सुटताना चिऱ्याची सालही ओढून आणतो. पोट आलेला भाग उतरवून पुन्हा रचा. चिऱ्यांमधले सांधे भरायला एक भाग चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू. खाडीची वाळू नको, तिच्यातलं मीठ पुढे फुलून वर येतं. काम पाऊस सरल्यावर करा आणि दोन आठवडे ओलं गोणपाट टाकून ठेवा.

पोट येतं ते बहुधा मागची माती भिजून फुगल्याने. म्हणून वाफे भिंतीला टेकवू नका. दीड फुटाची पट्टी सोडून तिथे खडी भरलेला उताराचा चर काढा. सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं तर दोन पानांचं असतानाच मुळासकट उपटा.

भरीव भिंतीवरून वारा उसळून आत भोवरा घालतो, पानांच्या कडा करपतात. बाहेर समुद्राच्या बाजूला उंडीचं झाड लावा; वाढ सावकाश, पण खारा वारा उत्तम सोसते. आत पश्चिमेच्या भिंतीच्या आडोशाला मोगरा, अबोली. सावलीच्या ओलसर कोपऱ्यात सोनटक्का.