एक वस्तू, एक कागद

प्रिय विद्यार्थिमित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या प्रवासाचा बेत वाचला. लंडन, नेदरलँड्समधली हार्लेम व लायडन आणि इटलीतले फ्लॉरेन्स, आणि प्रत्येक शहरात विज्ञानाशी संबंधित तीन-चार संस्था. उत्साह कळतो, परंतु यादीतली निम्मी नावे निःसंकोच खोडून टाक. प्रत्येक ठिकाणी एकच वस्तू आधी नक्की करावी, तिच्याविषयी मिळेल ते वाचून जावे आणि तिच्यासमोर निवांत अर्धा तास काढावा. उरलेल्या दालनांतून नुसते चालत गेलास तरी काही बिघडत नाही.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनचेच घे. १७९९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या तळघरातल्या संग्रहालयात मायकेल फॅरडेने ऑगस्ट १८३१ मध्ये चुंबकत्वातून वीज निर्माण करण्याच्या प्रयोगात वापरलेले लोखंडी कडे आहे. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत दोन नीटनेटकी वेटोळी दिसतात. प्रत्यक्षातले कडे मात्र ओबडधोबड आहे, कारण आजच्यासारखी वेष्टित तार हाताशी नसल्यामुळे तांब्याचे वेढे एकमेकांना टेकू नयेत म्हणून फॅरडेने मध्ये सुतळी आणि थराथरांत साधे सुती कापड घातले होते. तरुणपणी बुकबाइंडरकडे केलेली उमेदवारी त्याला इथे उपयोगी पडली असावी, असे मला आपले उगाच वाटत आले आहे. जाण्यापूर्वी त्या दिवसाची त्याच्या रोजनिशीतली नोंद वाच. एका वेटोळ्याला बॅटरी जोडताना आणि तोडताना, तेवढ्याच क्षणी, दुसऱ्या बाजूची चुंबकसुई हलते, हे त्यात आहे. त्याच्या रोजनिशीतल्या परिच्छेदांचे क्रमांक पुढे १६,०४१ पर्यंत गेले, यावरून तो किती काटेकोर होता हे ध्यानात येईल.

फ्लॉरेन्सच्या म्युझिओ गॅलिलिओमध्ये बहुतेक लोक तिथे जतन केलेले गॅलिलिओच्या हाताचे बोट पाहायला जातात. तू त्याच्या दुर्बिणीचे भिंग पाहा. १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र ज्याच्यातून दिसले ते हे भिंग तडकलेले आहे आणि १६७७ मध्ये त्याच्यासाठी केलेली हस्तिदंती चौकट इतकी नक्षीदार आहे की आत काच आहे हेच नजरेतून निसटते. अवजाराचा अवशेष कसा होतो, हे मला त्या चौकटीपाशी उमगले.

हार्लेमला टेलर्स संग्रहालयात दिवसाउजेडीच जा. १७८४ मध्ये खुले झालेले तिथले लंबवर्तुळाकार दालन छतातून येणाऱ्या उजेडासाठीच बांधलेले आहे.

आता अभिलेखागाराविषयी, म्हणजे जुनी मूळ कागदपत्रे जपून ठेवतात त्या जागेविषयी, थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रवासी तिथे जातच नाहीत. अँटनी व्हान लेव्हेनहूक हा डेल्फ्टचा कापडविक्या सूक्ष्मदर्शकातून जे पाही त्याविषयी सुमारे पन्नास वर्षे लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला डच भाषेत पत्रे पाठवत राहिला. १६७४ च्या एका पत्रासोबत त्याने बुचाचे, एल्डर झाडाच्या गराचे आणि गुराच्या डोळ्याच्या मज्जातंतूचे स्वतः कापलेले पातळ छेद पाठवले होते. पत्रांचा अभ्यास पुढे होत राहिला, परंतु १९८१ मध्ये जीवशास्त्रज्ञ ब्रायन फोर्ड यांनी मूळ कागद उघडून पाहिले तेव्हा ते नमुने छोट्या पुड्यांत तिथेच सापडले. छापील प्रतीत अक्षरे येतात, पुडी येत नाही. मूळ कागद मागवण्याचे कारण कोणी विचारले, तर मी ही हकीकत सांगतो.

कागद मागवण्याची रीत अवघड नाही. संस्थेच्या सूचीतून हव्या असलेल्या कागदाचा क्रमांक शोधून तो पत्रात लिहावा, कशासाठी पाहायचा आहे ते दोन वाक्यांत सांगावे आणि वेळ ठरवून घ्यावी. ‘जुनी हस्तलिखिते पाहण्याची इच्छा आहे’ असे मोघम लिहिल्यास अभिलेखपाल तरी काय काढून देणार? ओळखपत्र आणि बहुधा पत्त्याचा पुरावा लागतो. पिशवी बाहेर ठेवावी लागते, आत शाईचे पेन चालत नाही, म्हणून दोन पेन्सिली जवळ ठेव. कागद हाताळताना बहुतेक ठिकाणी हातमोज्यांऐवजी स्वच्छ, कोरडे हात पसंत करतात, कारण मोज्यात बोटांना कडेचा अंदाज येत नाही आणि पान फाटते; छायाचित्रांसाठी मात्र मोजे देतात. जुडग्यातला क्रम बदलू नकोस. चुकीच्या जागी लागलेला कागद हरवल्यासारखाच असतो.

तुझ्या वयाचा असताना मी एका संस्थेच्या दारात पूर्वसूचना न देता जाऊन उभा राहिलो. वाचनालय त्या आठवड्यात मोजदादीसाठी बंद होते. दोष सर्वस्वी माझा होता, तरी मी द्वारपालाशी हुज्जत घातली, याची आजही लाज वाटते.

तेव्हा तिकिटे काढण्यापूर्वी रॉयल सोसायटीच्या ग्रंथालयाला पत्र टाक. मसुदा आधी मला दाखवलास तर बरे, आणि कोणता कागद मागवायचे ठरवलेस तेही कळव.

तुझा शुभचिंतक