अपघाताच्या डेटावर काम करायचंय, पण नोकरी कुठे मिळणार?

कराडहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी टीवायबीएस्सीला, विषय स्टॅटिस्टिक्स. मंत्रालयाच्या रिपोर्टमधले रस्ते अपघातांचे तक्ते एक्सेलमध्ये टाकत बसते आणि यातच करिअर करणार म्हणते. "हे तर पोलिसांचं काम, यात पगार कोण देणार? बँकेच्या परीक्षांना बसवू का?"

नमस्कार. बँकेची परीक्षा देऊ दे की, पण हे बंद करायला लावू नका.

ती ज्या रिपोर्टवर बसलीय तो दिल्लीत रस्ते वाहतूक मंत्रालयाची ट्रान्सपोर्ट रिसर्च विंग काढते, तिथे इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसचे अधिकारी असतात, आणि ती परीक्षा यूपीएससी घेते, स्टॅटिस्टिक्सची डिग्री चालते. म्हणजे सरकारी नोकरीच हवी असेल तर तीही याच रस्त्यावर आहे.

पोलिसांचं म्हणाल तर नोंद तेच करतात, खरंय. आता आयरॅड, म्हणजे सध्याचं ई-डार, या सिस्टिमवर होते, स्पॉटवर जाऊन मोबाईलमधून लोकेशन, फोटो, गाड्यांची माहिती, मग आरटीओ, रस्त्याचं खातं, हॉस्पिटल आपापलं भरतात (आयआयटी मद्रासने डेव्हलप केलंय). पण भरणारा वेगळा आणि त्यातून अर्थ काढणारा वेगळा, आणि दुसऱ्या प्रकारची माणसं आपल्याकडे फार कमी आहेत.

उदाहरण देतो. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत गेली, आणि रिपोर्ट म्हणतो त्यातले ७० टक्क्यांहून जास्त मृत्यू ओव्हरस्पीडिंगमुळे. पोरं हा आकडा उचलून थेट प्रेझेंटेशनमध्ये टाकतात. अहो, पण तो येतो कुठून? ठाण्यातल्या माणसाने भरलेल्या रकान्यातून! रात्री रस्त्याच्या कडेला ट्रक उभा, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, बाईकवाला येऊन धडकला, तर रकान्यात बहुतेक वेळा चालकाचीच चूक पडते, ट्रक थांबायला जागाच नव्हती हे त्यात येत नाही, मग उपाय म्हणून फक्त स्पीडचं चलान वाढतं. हे ज्याला दिसतं त्याला या कामात किंमत आहे.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर असा अर्थ काढून काम झालं. २०१६ मध्ये तिथे १५१ मृत्यू होते. एमएसआरडीसी (राज्याचं रस्ते विकास महामंडळ), हायवे पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही रस्ता सुरक्षेवर काम करणारी संस्था यांनी अपघातांचा बारकाईने तपास करून रस्त्यातल्या त्रुटी, पोलिसांची कारवाई, अ‍ॅम्ब्युलन्स असं सगळ्यावर एकदम काम केलं आणि पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याच्याही खाली आले.

आता पगार. जाहिरातीत 'अपघात विश्लेषक' अशी पोस्ट शोधत बसू नका, क्वचितच दिसेल. रोड सेफ्टी ऑडिट करणाऱ्या कन्सल्टन्सी, एनजीओ, इन्शुरन्स कंपन्या, गाड्यांच्या कंपन्यांचे सेफ्टी विभाग, आयआयटीतले रिसर्च प्रोजेक्ट, इथे 'डेटा अ‍ॅनालिस्ट' नाहीतर 'रिसर्च असोसिएट' म्हणून घेतात. सुरुवातीला बँकेतला क्लार्क तिच्यापेक्षा जास्त कमावेल हेही शक्य आहे, प्रोजेक्ट संपला की पुढचा शोधायला लागतो, हे घरात आधीच बोलून घ्या.

ट्रान्सपोर्टच्या एमटेकमागे लागू नका, त्याला बहुतेक ठिकाणी सिव्हिलची डिग्री लागते. एमएस्सी स्टॅटिस्टिक्स करावं, शिवाजी विद्यापीठ तुम्हाला जवळ आहे. नाहीतर पब्लिक हेल्थ, मुंबईच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) एपिडेमिऑलॉजीकडे, म्हणजे आजार-इजा कुणाला, कुठे, का होतात याच्या अभ्यासाकडे जाणारा कोर्स आहे, जखमींचा डेटा त्याच अंगाने अभ्यासतात. सोबत आर (स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर) आणि क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) शिकावं, दोन्ही फुकट मिळतात.

आणि एक्सेल थोडं बाजूला ठेवायला सांगा. नॅशनल हायवेवर साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमींचे ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू झाले की तो ब्लॅक स्पॉट. तुमच्या बाजूच्या हायवेवरचा असा एखादा स्पॉट निवडून दिवसा सर्व्हिस रोडवरून नीट बघून यावा, गाड्या कुठून वळतात, लोक कुठून क्रॉस करतात, बोर्ड झाडामागे गेलाय का, आणि दोन पानांत लिहून काढावं. इंटरव्ह्यूला मार्कशीटच्या आधी ती दोन पानं पुढे करायची. एकटीला पाठवू नका, तुम्हीच जा सोबत.