ईएफ ६० टक्के असूनही हार्ट फेल्युअर कसं?

तुम्ही विचारलंय की आईच्या डिस्चार्ज कार्डावर 'हार्ट फेल्युअर' लिहिलंय, पण इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे हृदय एका ठोक्याला भरलेल्या रक्तातलं किती टक्के बाहेर टाकतं तो आकडा, ६० टक्के, म्हणजे नॉर्मल आलाय; मग चूक कुठे झाली? चूक बहुतेक कुठेच नाही. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, त्याचं काम कमी पडणं. मी डॉक्टर नाही, अमळनेर तालुक्यात कापूस लावणारा माणूस आहे. पण आमच्या घरात याचे दोन्ही प्रकार पाहिलेत.

पहिले आप्पा. एका रात्री छातीत जळजळलं, तर म्हणाले, "काही नही, गॅस शे." तो अटॅक होता. स्नायूचा एक भाग कायमचा निकामी झाला. पुढे दोनेक महिन्यांत वहाणेचा पट्टा पायात रुतायला लागला आणि रात्री बाजेवर आडवं पडलं की दम लागून उठून बसायचे. ईएफ ३० निघाला. ४० किंवा त्याहून कमी असला की हृदयाची पिळण्याची ताकदच घटलेली असते.

मावशीचं तुमच्या आईसारखं. बीपी जुना, शुगर जुनी, गोळ्या मनाला येईल तेव्हा. ईएफ ६०, आणि दम मात्र आप्पांइतकाच. हे मला मोटेवरून, म्हणजे विहिरीतून पाणी काढायच्या कातडी पिशवीवरून समजलं. कातडं वाळून ताठ झालं की मोट विहिरीत नीट फुगत नाही. वर येऊन पूर्ण रिकामी होते, पण मुळात भरलेलीच कमी असते. ईएफ हे परीक्षेतले गुण नव्हेत. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्याला बाहेर गेलं, एवढंच तो सांगतो. निरोगी हृदयाचाही साधारण ५० ते ७० असतो. कप्पा ताठरला की दाब मागे फुप्फुसांत चढतो, म्हणून दम. (४१ ते ४९ची मधली पायरीही आहे.)

हृदयाची उजवी बाजू थकली की पाय आणि पोट सुजतं. बहुतेकदा ती डाव्या बाजूमागे थकते, पण चुलीच्या धुराने किंवा बिडीने फुप्फुसं खराब झाली तरी थकते.

म्हणून डॉक्टरांना 'कशामुळे?' हे नक्की विचारा. फेल्युअर हे तापासारखं आहे, मूळ आजार वेगळा असतो: बंद रक्तवाहिनी, बीपी, लहानपणच्या सांधेतापाने खराब झालेली झडप, दारू, थायरॉईड, अनियमित ठोके. झडप असेल तर उपायच वेगळा.

आणि गुडघेदुखीची गोळी मेडिकलवरून परस्पर आणू नका. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी अंगात पाणी साठतं. रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मीठ कमी म्हणजे नुसतं भाजीतलं नव्हे. आमच्याकडे आप्पांचं वजन चढायचं ते बिबड्यांनी, म्हणजे ज्वारीच्या खारट पापडांनी. डबा आता माळ्यावर आहे, आणि शिडी शेजाऱ्यांकडे.