शाळा बंद, मुलं हंसांच्या मागे

प्रश्न : ताई, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही कॅनडात क्युबेक प्रांताच्या उत्तरेला चिसासिबी गावात राहतो, सगळी क्री या तिथल्या मूळ रहिवाशांची वस्ती. इथे मे महिन्यात गूज ब्रेक, म्हणजे रानहंसांच्या शिकारीची सुट्टी, म्हणून शाळाच बंद, आणि मुलाचा मित्र आजीआजोबांसोबत हंसांच्या शिकारीला जाणार, आमच्या पोरालाही बोलावलंय. त्या मित्राच्या धाकट्या बहिणीच्या ‘वॉकिंग आउट’ नावाच्या कार्यक्रमाचंही आमंत्रण आहे. आम्ही शाकाहारी, पाठवावं का? आणि हा कार्यक्रम नक्की काय असतो?

उत्तर : आधी कार्यक्रमाचं सांगते. आपल्याकडे उष्टावण असतं ना, तसं हे पहिल्या पावलांचं. तोपर्यंत बाळाचे पाय बाहेरच्या जमिनीला लागू देत नाहीत. सूर्य उगवताना मूल मोठ्यांचा हात धरून तंबूतून बाहेर पडतं, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या फांद्या अंथरलेल्या वाटेवरून झाडापर्यंत जातं, त्याला फेरी मारून परत येतं. मुलाच्या हातात खेळण्यातली बंदूक, मुलीच्या हातात छोटीशी कुऱ्हाड, येताना मुलाच्या पाठीवर शिकार, मुलीच्या पाठीवर लाकडं नाहीतर फांद्या, ते आत बसलेल्या म्हाताऱ्यांना द्यायचं, मग सगळे त्या पोराला जवळ घेतात. नंतर जेवण. म्हणजे चालायला लागल्या लागल्या शिकवायचं काय, तर रानातून आणलेलं आधी वडीलधाऱ्यांना.

आता शिकार. शाळा बुडवून मजा असं समजू नका, खरी शाळा तीच आहे हो! फांद्यांच्या आडोशाला तासन्‌तास गप्प बसायचं, वारा बघायचा, तोंडाने हंसाचा आवाज काढून थवा वळवायचा, आणि आजी पिसं काढताना शेजारी बसून गोष्टी ऐकायच्या. मग हंस दोरीला टांगून विस्तवाजवळ गरगर फिरवत भाजतात, दोरीला पीळ देत राहायचं काम बहुतेक पोरांकडेच. तिथल्या जुन्या पिढीला फोर्ट जॉर्ज या त्यांच्या जुन्या गावातल्या मिशनऱ्यांच्या निवासी शाळांमध्ये घरापासून तोडून ठेवलं होतं, क्री बोलायलाही मनाई, त्यामुळे सरकारशी झालेल्या 1975 च्या करारानंतर क्रींना स्वतःचं स्कूल बोर्ड मिळाल्यावर ही सुट्टी कॅलेंडरमध्येच असणं किती मोठी गोष्ट आहे ते तुम्हीच बघा.

शाकाहाराचं मला तरी फार टेन्शन वाटत नाही. खात नाही हे त्या आजीला आधीच सांगा, डबा द्या सोबत. पण शिकार बघायची की नाही ते मुलालाच ठरवू दे, आणि तिथे गेल्यावर ‘ईऽऽ’ करायचं नाही एवढं मात्र बजावून पाठवा. रबरी बूट, लाइफ जॅकेट, जास्तीचे मोजे, बाकी काय लागेल ते आजीच सांगतील.